शंभर ऑक्टेन टाकलं म्हणून गाडी पळत नाही : ई-२० च्या काळातला ऑक्टेन आणि कॉम्प्रेशनचा हिशोब

कोल्हापूर : शाहूवाडी तालुक्यातल्या एका पोराच्या गाडीची ही गोष्ट. नाव सांगत नाही, कारण खर्च किती झाला हे अजून त्याच्या घरी कळलेलं नाही. दोनशे सीसीची, माती-चिखलात पळणारी गाडी. पावसाळ्यात गावाशेजारच्या माळावर पोरं आपापसात शर्यत लावतात. त्यात पहिला नंबर यावा म्हणून यानं शहरात जाऊन इंजिनचं हेड घासून घेतलं. मिस्त्रीनं बजावलं होतं, "आता हिला साधं पेट्रोल चालणार नाही, शंभर ऑक्टेनच टाकायचं." पोरानं पुण्याहून मित्राकरवी ते मागवलं, लिटरला १६० रुपयांच्या आसपास मोजून. पंधरा दिवस गाडी अशी काही उठायची की विचारू नका.

शर्यतीच्या सकाळी ते पेट्रोल संपलेलं. तालुक्यात शंभर ऑक्टेन मिळतंय कुठं? मग टपरीवरची बाटली घेतली आणि टाकीत ओतली. दुसऱ्या चढाला इंजिनमधून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. यानं मूठ सोडली नाही. तिसऱ्या चढाला गाडी जागेवर बंद. हेड उघडलं तर पिस्टनची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झालेली.

गॅरेजवर जमलेल्या मंडळींचा निकाल एका मिनिटात लागला : "ई-२० नं खाल्लं."

हल्ली गाडीला काहीही झालं की हाच निकाल लागतो. ई-२० बद्दल लोकांच्या तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही खऱ्या आहेत, त्यावर पुढं येतोच. पण या पोराच्या पिस्टनचा दोष ई-२० वर टाकता येत नाही. उलट निव्वळ ऑक्टेन बघितलं तर ई-२० जुन्या पेट्रोलपेक्षा वरचं आहे. ऑक्टेन म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या गाडीला ते किती लागतं, हे नीट सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून आजचा हा विषय.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पहिला गैरसमज इथंच आहे. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलात जोर जास्त, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल किती वेळ दम धरतं, ठिणगी पडायच्या आधी किंवा चुकीच्या जागी आपोआप पेटत नाही.

आकडा काढायची पद्धत साधी आहे. आयसो-ऑक्टेन नावाचा एक पदार्थ आहे, तो सहजासहजी आपोआप पेटत नाही, त्याला १०० गुण. हेप्टेन नावाचा दुसरा लगेच पेटतो, त्याला शून्य. एखादं पेट्रोल परीक्षेच्या इंजिनात ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, तर ते ९१ ऑक्टेनचं. यात ताकदीचा संबंध कुठंच आला नाही.

आता इंजिनच्या बाजूनं बघू. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते ती पिस्टन वर आल्यावर किती पट कमी होते, ते झालं कॉम्प्रेशन रेशो. दहास एक म्हणजे दहा भाग हवा-पेट्रोल दाबून एका भागात बसवलं. जेवढं जास्त दाबाल तेवढं त्याच पेट्रोलातनं काम जास्त निघतं, ॲव्हरेजही सुधारतं आणि पिकअपही. पण दाबलं की मिश्रण तापतं. प्लगनं ठिणगी टाकली, आग एका बाजूनं पसरत निघाली, आणि पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण तेवढा वेळ दम धरू शकलं नाही, तर ते एकदम भडकतं. तोच तो खड्यांचा आवाज. याला नॉकिंग म्हणतात. थोडंसं झालं तर काही बिघडत नाही, पण भर ताकदीत मिनिटभर चाललं तर पिस्टनची कड जाते, रिंग तुटते, कधी प्लगची चिनी माती फुटून आत पडते.

म्हणजे इंजिन ठरवतं ऑक्टेन किती हवं. इंजिनला दम धरणारं पेट्रोल लागतच नसेल, तर जास्त ऑक्टेनचं टाकून काही मिळत नाही. शेळीला म्हशीची पेंड घातली म्हणून ती म्हशीएवढं दूध देत नाही.

चार सीसीचा खेळ

त्या पोरानं नक्की काय केलं होतं, त्याचा हिशोब करू. दोनशे सीसीचं इंजिन, कॉम्प्रेशन दहाच्या आसपास. म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा २२.२ सीसी. २०० अधिक २२.२, भागिले २२.२, उत्तर १०. हेड घासल्यावर ही जागा जर १८.२ सीसी झाली, तर कॉम्प्रेशन थेट १२ वर जातं. फरक किती? चार सीसी. चहाच्या चमच्यात मावेल एवढा. या मापाच्या सिलिंडरला हेड साधारण एक मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त घासलं की झालं. मिस्त्रीच्या मशीनवर अर्ध्या तासाचं काम, आणि गाडीची पेट्रोलची गरज कायमची बदलली.

हाच खेळ कार्बन बसल्यावर आपोआप होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्षानुवर्षं जळकट थर साठत गेला आणि त्यानं एक सीसी जागा खाल्ली तरी दहाचं कॉम्प्रेशन साडेदहाजवळ जातं. शिवाय तो थर निखाऱ्यासारखा तापून राहतो. आठ-दहा वर्षं जुनी गाडी, जी नवी असताना कधी आवाज करत नव्हती, ती आता घाटात टकटक करते, त्याचं एक कारण हे असतं. अशा वेळी लोक महाग पेट्रोल टाकतात. खरं तर हेड उघडून साफ करायला हवं असतं.

कॉम्प्रेशनचा आकडा एकटा बघूनही चालत नाही. केटीएमच्या ३९० ॲडव्हेंचरचं कॉम्प्रेशन साडेबाराच्या पुढं आहे, आणि ती गाडी रोज आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर पळते. मग या पोराची १२ वर का बसली? कारण केटीएमला पाण्याचं कूलिंग आहे, चार व्हॉल्व्ह आहेत, पेट्रोल इंजेक्शननं मोजून जातं, आणि ठिणगी कधी टाकायची हे कंपनीनं त्या कॉम्प्रेशनसाठीच ठरवलेलं आहे. याच्या गाडीचं हेड बदललं पण ठिणगीची वेळ तीच जुनी, कूलिंग तेच हवेचं. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण ओढलेली, गाडीचा वेग वीसचा, म्हणजे इंजिनला वारा लागतच नाही. ऑफ-रोडला नॉकिंग जास्त होतं ते यामुळंच. हायवेवर शंभरनं जाणाऱ्या गाडीपेक्षा चिखलात दहानं चढणारी गाडी जास्त तापते.

पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. तिथल्या उड्यांचे व्हिडीओ आपल्याकडच्या पोरांनी बघितले, आणि हेड घासायची हौस त्यानंतर वाढली असं गॅरेजवाले सांगतात. पण मोटोक्रॉसच्या परदेशी गाड्या जन्मालाच वेगळ्या असतात. होंडाच्या सीआरएफ ४५० आरचं कॉम्प्रेशन साडेतेरा आहे. त्या गाड्यांचे पिस्टन ठरावीक तासांनी बदलायचे असतात, किलोमीटरवर नाही. आपली गाडी शेतावर, दूध घालायला आणि शर्यतीला, तिन्हीकडं जाते.

व्हिडीओंवरनं आणखी एक घोळ होतो. अमेरिकेतला माणूस सांगतो, "हिला ९१ चं प्रीमियम लागतं." आपला पोरगा म्हणतो, आपलं साधंच ९१ आहे, चालेल की. पण अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपल्याकडं आणि युरोपात एकाच चाचणीचा, जिच्यात आकडा मोठा येतो. तिकडचं ९१ म्हणजे आपल्या हिशोबानं ९५-९६. तिकडचं साधं ८७ म्हणजे आपलं ९१. परदेशी मॅन्युअल वाचताना आकड्याआधी कुठली पद्धत लिहिली आहे ते बघा. 'आरओएन' लिहिलं असेल तर तो आपला आकडा.

आता ई-२० कडं येऊ

पेट्रोलात २० टक्के इथेनॉल हे २०३० चं उद्दिष्ट होतं, ते अलीकडं ओढून २०२५ वर आणलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये देशभर जवळपास सगळीकडं तेच मिळायला लागलं. लोकांची ओरड झाली, गाड्या बिघडतात, ॲव्हरेज पडलं. न वीस टक्क्यांवालं पेट्रोलही पंपावर ठेवा, ही मागणी घेऊन एक याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली.

या वादात पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये जी बाजू मांडली, त्यात ऑक्टेनचा मुद्दा ठळक होता. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या पुढं. देशातलं पेट्रोल पूर्वी ८८ चं असायचं, बीएस-६ आल्यावर ९१ झालं, आणि २० टक्के इथेनॉलमुळं ते ९५ वर गेलं. आधुनिक, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना हे फायद्याचं आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं.

यात खोटं काही नाही. इथेनॉल नॉकिंग रोखतंच. शिवाय ते वाफ होताना भरपूर उष्णता शोषतं, त्यामुळं आत जाणारी हवा थंड होते. जास्त कॉम्प्रेशनची इंजिनं इथेनॉलवर खूश असतात ती यामुळं.

पण वाक्य नीट वाचा. "जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना." आपल्या तालुक्यात रस्त्यावर काय आहे? स्प्लेंडर, दहाच्या आसपास. जुनी क्लासिक ३५० बुलेट, साडेआठ. जुनी हिमालयन ४११, साडेनऊ. एक्सपल्स आणि जिम्नी, दहाच्या आसपास. या सगळ्या इंजिनांचं ९१ वरच भागत होतं. ९५ दिलं म्हणून त्यांचं कॉम्प्रेशन वाढत नाही. म्हणजे ऑक्टेनचा जो बोनस मिळाला तो यांच्या कामाचा नाही, तो धुराड्यातनं निघून जातो.

त्याच वेळी तोटा मात्र सगळ्यांना सारखा बसतो. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की एका लिटरमागं ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी झाली, हे साधं गणित आहे. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं : शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज सहा ते सात टक्के पडेल, तशाच दुचाकीचं तीन ते चार टक्के, आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं एक ते दोन टक्केच. शेवटच्या आकड्यात सगळं आलं. इंजिन या पेट्रोलसाठी जुळवलं, तर तोटा बराचसा भरून निघतो. नाही जुळवलं तर गाडीवाल्याच्या खिशातनं जातो.

किती जातो? पेट्रोल १०५ रुपये धरा. लिटरला ६० देणारी दुचाकी महिन्याला हजार किलोमीटर फिरली आणि ॲव्हरेज ५८ वर आलं, तर महिन्याला साधारण ६० रुपये. दूधवाल्यानं सोडून दिलं असं म्हणू. पण लिटरला १० देणारी पेट्रोल जीप-टाइप गाडी असेल आणि सहा टक्के गेले, तर महिन्याला साधारण ६७० रुपये, वर्षाला आठ हजार. घाटातल्या पर्यटनावर, जीप सफारीवर ज्यांचं पोट आहे त्यांना हा आकडा लागतो.

त्याच आराखड्यात असंही सुचवलं होतं की ऊर्जा कमी असल्यानं असं पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळावं. ते झालं नाही. सरकारचं उत्तर असं की इथेनॉलच महाग झालं : २०२४-२५ मध्ये वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी खरेदी ७१.३२ रुपये लिटर. उत्तर हिशोबाला बरोबर असेल, पण मग ज्याची गाडी २०२३ च्या आधीची आहे त्यानं वरचा फरक का सोसायचा, याचं उत्तर त्यात नाही.

आपल्याकडचा शेतकरी या व्यवहारात दोन्ही टोकांना उभा आहे, हे विसरून चालत नाही. तोच ऊस घालतो आणि तोच टाकी भरतो. उसाचा रास्त दर २०२२-२३ ला टनाला ३,०५० रुपये होता, २०२५-२६ ला ३,५५० झाला. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा दर मात्र २०२२-२३ ला जो ६५.६१ रुपये ठरला, तो २०२४-२५ लाही तोच. मध्ये डिसेंबर २०२३ ला रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, कारखान्यांच्या नव्या डिस्टिलऱ्या थंड पडल्या, आणि तेवढ्यात मका पुढं सरकला. त्यामुळं "आपला ऊस टाकीत जातोय, थोडं सोसा" हे जे भाषणात सांगितलं जातं, तेही अर्धवटच.

ब्राझीलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १ ऑगस्ट २०२५ पासून तिथं पेट्रोलात ३० टक्के इथेनॉल आहे, त्याआधी २७ होतं. पण तिथं या कामाला पन्नास वर्षं झाली, आणि गाडीवाल्याला पंपावर निवड असते. महत्त्वाचं म्हणजे तिथल्या काही साध्या, छोट्या गाड्यांच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन तेराच्या आसपास आहे. आपल्याकडं तो आकडा शर्यतीच्या गाडीचा वाटतो. त्यांनी इंजिन पेट्रोलाला जुळवलं. आपण पेट्रोल आधी बदललं आणि इंजिनं हळूहळू बदलतायत. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर-पाइप ई-२० ला टिकतील असे, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्या ई-२० ला जुळवलेल्या, असा आपला क्रम होता. रस्त्यावरच्या बाकी गाड्या त्या क्रमात बसत नाहीत. आता २७ टक्क्यांची चर्चा सुरू झाली आहे. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की नव्या गाड्यांचं कॉम्प्रेशन किती वाढवून देणार?

मग कुठल्या गाडीत काय टाकायचं

जी गाडी कंपनीनं बनवली तशीच आहे, तिच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळ ऑक्टेन लिहिलेलं असतं. ९१ लिहिलं असेल तर साधं टाका आणि विसरून जा. पंपावर प्रीमियम ९५ म्हणून जे मिळतं, त्याचं काय? मंत्रालय म्हणतं साधंच ९५ चं झालंय. तसं असेल तर ९५ च्या प्रीमियमला ऑक्टेन म्हणून तुम्हाला वेगळं फारसं काही मिळत नाही, मिळतं ते इंजिन साफ ठेवणारं रसायन. त्यासाठी पैसे द्यायचे तर द्या, पण पिकअपसाठी देऊ नका.

शंभर ऑक्टेन इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० ला दहा शहरांत आणलं, त्यात मुंबई-पुणे होतं. ते मोठ्या कॉम्प्रेशनच्या, टर्बोच्या, महागड्या गाड्यांसाठी. स्प्लेंडरमध्ये टाकून काय होईल? खिसा हलका होईल, गाडी तीच राहील.

टर्बो पेट्रोल इंजिनाचं मात्र वेगळं आहे. पेट्रोल थारसारख्या गाडीत टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, त्यामुळं कागदावर कॉम्प्रेशन कमी दिसलं तरी प्रत्यक्ष दाब मोठा असतो. उन्हाळ्यात भार घेऊन घाट चढताना अशा गाडीला चांगल्या ऑक्टेनचा फायदा खरोखर होतो. या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. आवाज सुरू व्हायच्या बेतात आला की संगणक ठिणगी उशिरा टाकतो, त्यामुळं इंजिन वाचतं पण ताकद कमी होते. गाडी जड वाटली तर ते पेट्रोलचं असू शकतं. डिझेल थार, गुरखा, बोलेरोवाल्यांनी यातलं काहीच मनावर घेऊ नये. डिझेल दाबानंच पेटवायचं असतं, तिथं ऑक्टेनचा संबंधच नाही.

लडाखला निघालेली पोरं ऑक्टेन वाढवायच्या बाटल्या बॅगेत भरतात. बिनटर्बोच्या गाडीला तिथं उलट कमी ऑक्टेन चालतं. लेहला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते, नॉकिंग होणार कशाचं? आपल्याकडं त्रास होतो तो कोकणातनं वर येताना. खाली दमट उकाडा, हवेचा पूर्ण दाब, आणि समोर घाट. करूळ किंवा भुईबावडा चढताना पायथ्याच्या वळणांवर गाडी टकटक करते आणि गगनबावड्याला आल्यावर गप्प होते, हे कित्येकांनी अनुभवलं असेल. तिथं उपाय फुकटचा आहे : एक गिअर खाली घ्या, मूठ थोडी सोडा.

त्या बाटल्यांवर "१० पॉइंट वाढवा" असं लिहिलेलं असतं. धंद्याच्या भाषेत १० पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक आकडा. ९५ चं ९६. वाचणाऱ्याला वाटतं ९५ चं १०५ झालं.

कार्बोरेटरवाल्या जुन्या गाड्यांना ई-२० नं जो त्रास होतो तो ऑक्टेनचा नाही, मिश्रणाचा आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त जायला हवं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर ते सांभाळून घेतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, जेट तेवढंच सोडतं, मिश्रण पातळ पडतं, गाडी तापते, सकाळी स्टार्टला कुरकुरते. चांगल्या मिस्त्रीकडनं ट्यूनिंग करून, गरज पडली तर एक नंबर मोठं जेट टाकून हे बरंचसं सुधारतं. जुने रबरी पाइप आणि वॉशर त्याच वेळी बघून घ्या. आरएक्स हंड्रेडवाल्यांना हे वेगळं सांगायला नको, ते गाडीला लेकरागत जपतात.

पावसाळ्यातली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात सामावतं, पण कॅनमध्ये किंवा टाकीत प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं. वरचं पेट्रोल दिसायला चांगलं, पण ज्या इथेनॉलनं ऑक्टेन वाढवलं होतं तेच त्यातनं निघून गेलेलं. म्हणजे तुम्ही ९५ चं घेतलं आणि इंजिनला गेलं बरंच कमी. ओढा ओलांडताना गाडी बुडाली, टाकीचं झाकण गळकं होतं, कॅन उघड्यावर राहिला, की हे होतं. दोन थर दिसले तर ते पेट्रोल हलवून पुन्हा वापरायचं नाही. पंपावर संशय आला तर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचं माप मागायचा अधिकार ग्राहकाला आहे. पंपवाला तोंड वाकडं करेल, करू द्या.

टपरीवरच्या बाटलीत काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. किती दिवसांचं, कशाच्या कॅनमधलं, आत पाणी किती, रॉकेल-डिझेलचा अंश किती. रॉकेल-डिझेलचं ऑक्टेन अगदी खालचं, थोडं मिसळलं तरी आकडा पडतो. कंपनीच्या कॉम्प्रेशनची गाडी एखाद्या वेळी ते पचवते. हेड घासलेली गाडी पचवत नाही. शाहूवाडीच्या पोराचा पिस्टन तिथं गेला.

नवा पिस्टन, रिंगा, हेडचं काम आणि मजुरी मिळून त्याचा एका हंगामाचा दुधाचा पैसा गेला. मिस्त्रीनं या वेळी हेडखाली जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन पुन्हा साडेदहाच्या जवळ आणलंय. गाडी आता गावातल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालते. पूर्वीसारखी उठत नाही, पण टकटकही करत नाही. पुढच्या पावसाळ्यात शर्यतीला कुठले टायर घालायचे, यावर त्याचा सध्या विचार सुरू आहे.